चाळीस फुटांचं तोंड

विषय चौथा, मी इतिवृत्तात लिहिलं,
रस्त्यालगतच्या किमान रुंदीच्या अटीत सूट,
फक्त गावच्या पाणी योजनेपुरती.
पेनातली शाई थंडीनं आखडलेली.
अग्निशमन केंद्राच्या माडीवर आम्ही अकरा माणसं,
कोपऱ्यात हीटर, त्यावर कुणाचे तरी ओले हातमोजे,
आणि टेबलावर विकतच्या पाण्याच्या बाटल्या.
चौदा महिने झाले, टॅनरी फोर्कमध्ये
नळाखालचा ग्लास ओठांआधी उजेडाला लावतात.

जुन्या विहिरीत मँगेनीज उतरलं.
पांढरे शर्ट चहात बुडवल्यासारखे वाळतात.
ओडेट पेल्कीनं अध्यक्षाच्या खुर्चीतूनच
आपली बाही वर करून दाखवली. पुरावा म्हणून.

नवं पाणी लागलंय हेमलॉकच्या झाडीमागे,
मिनिटाला दोनशे गॅलन, गार, नितळ.
पण त्या जागेला रस्त्यावर चाळीसच फूट मिळतात,
एक ट्रक जाईल एवढी चिंचोळी पट्टी,
आणि नियम म्हणतो दीडशे.

बँगोरहून आलेला टोबायस, कोवळा इंजिनिअर, समजावत होता :
पंपघराला ओटा लागत नाही, पत्रपेटी लागत नाही,
त्याच्याकडे कुणी पाहुणे येत नाहीत.
रस्त्याला तोंड दाखवायचं ते घरांनी,
विहिरीचं तोंड आभाळाकडे.
(हे शेवटचं तो बोलला नाही. ते माझं.
इतिवृत्तात माझं काही जात नाही.)

मग अल्टन स्प्रॅग उठला.
टोपी काढली, परत घातली.
"एकशे दहा होते माझ्या मर्नाकडे," म्हणाला,
"एकशे दहा फूट. चाळीस कमी पडले.
हीच खोली. तीच खुर्ची.
तुम्ही म्हणालात, आज हिला सोडलं
तर उद्या कुणाला धरायचं?
पोरीनं खुंट्या ठोकल्या होत्या. उपटल्या.
आता ओहायोत असते. तिसऱ्या मजल्यावर."

"विषयाला धरून बोला" असं ओडेटनं म्हणायला हवं होतं.
ती बाही खाली ओढत राहिली.
बारा वर्षांपूर्वीचं ते पानही माझ्याच अक्षरात आहे :
अर्ज नामंजूर, पाच विरुद्ध शून्य.
मर्ना रडली, हे त्यात नाही.
जाताना तिनं माझ्यासाठी दार धरलं, तेही नाही.

"पाणी मलाही हवंय," अल्टन म्हणाला,
"मी आडवा पडायला आलो नाही.
एवढंच सांगा मला,
हा नियम वाकतो,
हे तेव्हा इथे कुणाकुणाला ठाऊक होतं?"

टोबायसनं नकाशाची सुरळी केली, पुन्हा उलगडली.
खाली कुणीतरी बंबाचं दार आपटलं.
मग हात वर झाले. पाच विरुद्ध शून्य.
मी लिहिलं : श्री. स्प्रॅग यांनी मनोगत मांडलं.
खाडाखोड केली नाही. वाढवलंही नाही.

घरी निघाले तर बर्फ भुरभुरत होता.
हेमलॉकच्या पट्टीपाशी त्याचा ट्रक, दिवे चालू,
आणि अल्टन, एकटाच,
मोजफितीचं टोक खांबाला अडकवायच्या खटपटीत.
माझी गाडी ओळखून हात केला त्यानं.
"जरा हे धरतेस? घसरतंय सारखं."

मी हातमोजा काढला. धरलं.
पत्रा बोटाला चिकटला.
तो फीत सोडत निघाला रस्त्याच्या कडेनं,
चाळीसावर एक लाल चिंधी फडफडत होती,
तिथे थांबला नाही,
दिव्यांच्या पलीकडे गेला.
एकशे दहापर्यंत की दीडशेपर्यंत, मला दिसलं नाही.
फीत मात्र ताणलेली होती
आणि मला सोडता येईना.